एक मीटर, तीन बिऱ्हाडे

दिवाळीच्या अंकात कथा हवी, विनोद हवा, राशिभविष्य तर हवेच हवे. तेथे लाइट बिलाचा विषय कुणी काढावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. पण ज्या घरात चकलीचा सोऱ्या फिरतो त्याच घरात महिन्याकाठी विजेचे बिल येते, आणि चकल्यांचा घाणा कढईत असताना सिलिंडर संपतो तोही नेमका याच दिवसांत. शिवाय घरमालक आणि भाडेकरू यांच्यातले गाऱ्हाणे कानावर आले, की त्याच्या मुळाशी भाडे क्वचितच असते. भाडे ठरलेले असते, ते दोघांना पाठ असते. भांडण होते ते ठरलेले नसते त्यावरून. म्हणजे विजेवरून, पाण्याच्या पंपावरून आणि उन्हाळ्यात कूलरवरून.

या वेळी आम्ही गोंदियाचे उदाहरण घेतले आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला आणि जिल्ह्याच्या कचेऱ्या शहरात आल्या. रेल्वेचे मोठे जंक्शन आणि धानाच्या गिरण्या पूर्वीपासून होत्याच. २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बदलीवर येणारे कारकून, शिक्षक, बँकेतले तरुण आणि शिकायला आलेली मुले यांना राहायला खोल्या लागतात. पुण्यामुंबईकडे ज्याला भाडेकरू म्हणतात त्याला इकडे किरायेदार म्हणतात. त्यांना खोल्या देणारे बहुतेक काही मोठे मिळकतदार नव्हेत. आयुष्याच्या पुंजीतून घर बांधले, मुले नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेली, आता वरच्या दोन खोल्या आणि मागची एक खोली किरायाने द्यावी, तेवढाच पेन्शनला टेकू, असा हा साधा व्यवहार असतो. आणि घरात वीजमीटर असते एक.

असे एक घर डोळ्यांसमोर आणा. खाली निवृत्त शिक्षक काका आणि काकू. वर बँकेतला तरुण आणि त्याची बायको. मागच्या खोलीत वैद्यकीयचे दोन विद्यार्थी. काकांकडे फ्रिज, दूरदर्शन संच आणि पाण्याचा पंप, म्हणून महिन्याला ११० युनिट. वरच्या जोडप्याचे ९०. विद्यार्थ्यांचे ५०. एकूण २५० युनिट.

आता महावितरणचे दर पाहू. १ एप्रिल २०२४ पासूनच्या वर्षाचे दरपत्रक आमच्यापुढे आहे. दर पुढे बदलले असले तरी पायऱ्यांचे तत्त्व कळायला ते पुरेसे आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि त्याच्याही पुढे १६ रुपये ६४ पैसे. या प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार. मीटरमागे १२८ रुपये स्थिर आकार, आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजनाचे पैसे निराळे; ते महिन्यागणिक बदलतात म्हणून येथे धरलेले नाहीत.

जिन्याची दुसरी पायरी पहिलीपेक्षा किती उंच आहे ते पाहा! १०० व्या युनिटाला जेवढे पडतात त्याच्या जवळजवळ दुप्पट १०१ व्याला पडतात. गरिबाने थोडी वीज वापरावी आणि ती त्याला स्वस्त पडावी, हा या रचनेचा हेतू आहे आणि तो चांगला आहे. पण मीटरला घरात माणसे किती, चुली किती, हे दिसत नाही. त्याला दिसतात ते युनिट. तीन साधी बिऱ्हाडे एका मीटरमागे उभी राहिली, की महावितरणच्या हिशोबी ते एकच चैनी बिऱ्हाड होते.

आकडेच मांडतो. २५० युनिटांचे एकत्र बिल शुल्कासह होते सुमारे २,८२५ रुपये. हीच तीन बिऱ्हाडे तीन मीटरांवर असती, तर काकांना सुमारे ९६४, वरच्या जोडप्याला ७६२ आणि विद्यार्थ्यांना ४९० रुपये पडले असते. एकूण २,२१५ च्या आसपास. म्हणजे तीन ठिकाणी स्थिर आकार भरूनही महिन्याला सहाशे रुपयांच्यावर वाचले असते. हे सहाशे रुपये कुणीही खाल्लेले नाहीत. ना काकांनी, ना किरायेदारांनी. ते केवळ एकाच मीटरवर राहिल्याबद्दल गेले.

भांडण सुरू होते ते हे सहाशे कुणाच्या माथी मारायचे यावरून. येथे दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

काका म्हणतात, “आम्ही दोघेच होतो तेव्हा बिल ९६४ येत होते. तुम्ही आलात आणि ते २,८२५ झाले. तुमच्या १४० युनिटांपायी १,८६१ रुपये वाढले, म्हणजे युनिटाला सव्वातेरा रुपयांहून जास्त पडले.” हिशोब अगदी बरोबर आहे. मागच्या खोलीतला मुलगा म्हणतो, “काका, आम्ही दोघे मिळून पन्नासच युनिट वापरतो. आमचे मीटर वेगळे असते तर ४९० रुपये आले असते.” हाही हिशोब बरोबर आहे. एक जण आपले युनिट खालच्या पायरीवर मोजतो आणि दुसऱ्याचे वरच्या. दुसरा त्याच्या उलट करतो. घरात काका आधी राहत होते म्हणून स्वस्त वीज त्यांची आणि मागून आलेल्यांची महाग, असा काही नियम नाही. पायरी सर्वांची मिळून चढली.

मग गावात रूढ झालेला मार्ग म्हणजे सबमीटर लावायचे आणि युनिटाला एक ठरीव दर घ्यायचा. कुठे १० रुपये, कुठे १२, कुठे १५. या दरावरून घरमालक लुबाडतो, अशी कुजबुज चालते. खरे काय ते आपल्या घरात मोजू. १२ रुपये दराने काकांना किरायेदारांकडून १,६८० मिळतील आणि पदरचे १,१४५ भरावे लागतील. स्वतंत्र राहते तर ९६४ भरावे लागले असते. तेव्हा १२ रुपये घेणारे काका लुबाडत नाहीत. उलट पावणेदोनशे रुपये पदरचे घालतात. तेच १५ रुपये घेतले तर २,१०० जमतील आणि काकांना आपल्या ११० युनिटांचे सव्वासातशेच पडतील. एकटे राहून भरावे लागले असते त्याहून कमी. येथे मात्र किरायाशिवाय विजेवरही कमाई सुरू झाली, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या मते एकत्र मीटर ठेवायचेच असेल तर ठरीव दर मुळीच ठेवू नये. ज्या महिन्याचे जे बिल असेल त्याला त्या महिन्याच्या एकूण युनिटांनी भागावे, आणि जो दर निघेल तो सर्वांनी, काकांनीसुद्धा, द्यावा. आपल्या घरात तो ११ रुपये ३० पैसे येतो. विद्यार्थ्यांना ५६५, जोडप्याला १,०१७, काकांना १,२४३. सहाशेचा भुर्दंड सर्वांवर वापराप्रमाणे पसरला. यात कुणी खूश होत नाही. पण कुणाला फसवल्यासारखेही वाटत नाही. बिलाचा कागद मात्र जिन्यात टाचून ठेवावा. आकडा तोंडी सांगितला की तो कितीही खरा असला तरी खोटा वाटतो.

आणखी एक बारीक गोष्ट. महावितरणचे वाचन ज्या तारखेला होते त्याच दिवशी सबमीटरचे वाचन घ्यावे. बिल बारा तारखेचे आणि सबमीटरचे वाचन महिनाअखेरचे, असे झाले की दोन आकड्यांची तोंडमिळवणी जन्मात होत नाही. पंप आणि जिन्यातला दिवा यांचे युनिट कुणाच्या मीटरमधून जातात, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे. आणि बिल हातात पडताच भरावे. मुदतीच्या आधी, ठरावीक दिवसांत भरणाऱ्याला एक टक्का सूट मिळते, ती सोडू नये.

स्वतंत्र मीटर घ्यावे की नाही? वीज कायदा २००३ चे कलम ४३ पुष्कळांना माहीत नसते. त्यात वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसा कब्जेदारालाही आहे. अर्थात कचेरी जागेचे कागद मागणार, भाडेकरार मागणार, आणि जागा खरोखर निराळे बिऱ्हाड आहे की केवळ खालची पायरी गाठण्यासाठी एकाच घराचे दोन तुकडे दाखवले आहेत, हेही पाहणार. तो त्यांचा अधिकारच आहे. वरच्या मजल्याचा जिना निराळा, स्वयंपाक निराळा असेल तर मालकाने आडकाठी करू नये. पुष्कळ घरमालकांना भीती वाटते की किरायेदाराच्या नावाचे मीटर लागले म्हणजे जागाच गेली. मीटर मालकाच्याच नावाने, पण त्या बिऱ्हाडासाठी वेगळे घेता येते, आणि करार लेखी असला की भीतीचे कारण उरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

वेगळे मीटर प्रत्येक वेळी परवडतेच असे नाही. घराचा वापर आधीच शंभरावर गेला असेल, तर वेगळ्या मीटरवर गेलेले प्रत्येक युनिट वरील दरांत ५ रुपये ५८ पैसे वाचवते, आणि स्थिर आकाराचे १२८ रुपये वाढतात. म्हणजे साधारण २३ युनिटांच्या आत वापर असेल तर नव्या मीटरचा घाट घालू नये. एक दिवा, एक पंखा आणि मोबाइलची बॅटरी भरणे एवढ्यावर भागवणारा एकटा मुलगा याच गटात येतो.

आता उन्हाळ्याकडे वळू. पुण्याच्या वाचकांना हा भाग अतिशयोक्तीचा वाटेल; विदर्भातल्या वाचकांना सांगायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो आणि रात्रीसुद्धा भिंती धग टाकतात. त्या दिवसांत कूलर ही चैन राहत नाही. वाळ्याच्या टट्ट्या बदलून, टाकीत पाणी भरून प्रत्येक खोलीच्या खिडकीला एकेक कूलर लागतो. पंखा आणि पंप धरून त्याची भूक २०० वॉट धरू. रोज बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. तीन बिऱ्हाडांचे तीन कूलर म्हणजे २१६. आपल्या घराचा आकडा २५० वरून ४६६ वर गेला, आणि जिन्याची तिसरी पायरीही चढला. एकत्र बिल ६,५१६ रुपयांच्या घरात. तीन मीटर असते तर सुमारे ४,७००. एकट्या मे महिन्यात अठराशे रुपयांचा फरक!

पूर्वी चाळीतून दिव्यामागे दरमहा अमुक पैसे अशी रीत असे. तिचाच अवतार म्हणजे हल्लीचा ‘कूलरचे महिन्याला अमुक रुपये’ हा बोली दर. तो आम्हांला मुळीच पसंत नाही. एकदा ठोक पैसे दिले की माणूस खोलीत नसतानाही कूलर चालवतो. पैसे दिलेत ना! आणि जो दिवसभर इस्पितळात ड्यूटीवर असतो तो दुसऱ्याच्या गारव्याचे पैसे भरतो. सबमीटर असताना ठोक दर कशाला?

पैशाहून मोठी गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कूलरचा पत्रा, पाणी आणि वीज ही तीन एकत्र आली की जिवावर बेतते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे गेल्याच्या बातम्या वाचायला मिळतात. त्यांत लहान मुले असतात. किरायाच्या खोलीत हा धोका अधिक, कारण कूलर किरायेदाराचा आणि वायरिंग मालकाचे. अर्थिंग कुणी पाहायचे याचा निकाल लागत नाही आणि दोन पिनांच्या प्लगवर कूलर सुरू होतो. आमचे मत स्पष्ट आहे: खोलीपर्यंतचे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच ही मालकाची जबाबदारी, तीन पिनांचा प्लग आणि धड वायर ही किरायेदाराची. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढावा, हे मात्र घरातल्या प्रत्येकाने पाळावे. या एका बाबतीत काटकसर करणाऱ्या घरमालकाच्या घरी राहू नये.

हिवाळ्यातही गोंदिया सोडत नाही. विदर्भातले सर्वांत कमी तापमान कित्येकदा येथेच नोंदले जाते. तेव्हा बादलीत बुडवायचा दीड हजार वॉटचा रॉड निघतो. चाळीस मिनिटांत एक युनिट. दोघांच्या अंघोळी धरल्या तरी महिन्याला पन्नास-साठ युनिट सहज. दिवे मात्र आता बिलात नगण्य झाले आहेत. नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला तरी महिन्याला पावणेदोन युनिटही होत नाहीत. तेव्हा विद्यार्थी रात्री अभ्यास करीत बसला म्हणून खालून हाक मारणे काकांनी सोडून द्यावे. पंख्याकडे पाहावे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज पंधरा तास फिरणाऱ्या पंख्यात महिन्याला वीस युनिट वाचतात.

आता स्वयंपाकघर. ‘इंडक्शन, हीटर, इस्त्री मना’ अशी पाटी किरायाच्या खोलीबाहेर दिसते आणि तरुण मंडळी तिची थट्टा करतात. वरचा हिशोब पाहिल्यावर ती पाटी का लागते ते ध्यानात येईल. १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर होणारा स्वयंपाक इंडक्शनवर करायला आमच्या अंदाजाने १४०-१५० युनिट लागतात. ते खालच्या पायरीवर बसले तर हजाराच्या आसपास, दुसऱ्या पायरीवर गेले तर एकोणीसशेच्या वर. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत हा सिलिंडर ८५३ रुपयांना झाला. विदर्भात त्याहून काही रुपये अधिक. म्हणजे ज्या गृहिणीकडे घरगुती जोडणी आहे तिने गॅसच वापरावा. इंडक्शन सिलिंडर संपल्या दिवसापुरते. मात्र ज्या विद्यार्थ्यांचे मीटर वेगळे आहे आणि वापर पन्नासच युनिट आहे, त्यांना चहा, अंडी, खिचडी इंडक्शनवर करणे परवडते, कारण त्यांच्या शंभरातले पन्नास युनिट शिल्लक आहेत. एकत्र मीटरवर तोच चहा दुप्पट महाग.

जोडणी नसणाऱ्यांसाठी पाच किलोचा लहान सिलिंडर मिळतो. इंडेनने २०२० साली त्याचे ‘छोटू’ असे बारसे केले. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. पण किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा बराच महाग आहे. वर्षभर राहायचे असेल तर भाडेकरार दाखवून रीतसर जोडणी घ्यावी. मोठ्या सिलिंडरमधून लहान शेगडीत गॅस भरून देणारे ‘सोयीचे’ दुकानदार असतात. तो गुन्हा आहेच, आणि बंद खोलीत स्फोटाला आमंत्रण आहे.

सिलिंडर दारात आला की वजन करून मागावे. रित्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवून काटा पाहावा. तेथेच इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते, ते तपासणीच्या मुदतीचे: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. मुदत उलटलेला सिलिंडर परत पाठवावा. धानाच्या जिल्ह्यात भाताविषयी कुणाला शिकवावे असे नाही. पण तांदूळ आणि डाळ अर्धा तास भिजवून कुकर लावला की गॅस वाचतो, हे आजीचे शास्त्र आजही खरे आहे.

सौर विजेबद्दल घरमालकांना एक सुचवावेसे वाटते. २०२४ साली केंद्र सरकारने सूर्यघर योजना सुरू केली. तीत तीन किलोवॉटच्या छतावरील संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॉटचे महिन्याला २४०. आपल्या काकांच्या घराचा नेहमीचा आकडा २५० आहे! अशा घरात तिन्ही बिऱ्हाडे एकाच मीटरवर असणे उलट फायद्याचे ठरते, कारण सबंध छताची वीज सबंध घराच्या बिलातून वजा होते. तेव्हा आधी सौर संचाचा निर्णय करावा आणि मग वेगळ्या मीटरचा. उलट क्रम केला तर छपराची वीज काकांच्याच मीटरला मिळेल आणि किरायेदाराचे बिल होते तसेच राहील. संच बसल्यावर किरायेदारांकडून जुन्याच दराने पैसे घ्यावेत का, हा प्रश्न येईलच. भांडवल काकांचे आहे, काही मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. पण तो किरायात घालून उघड सांगावा, युनिटात लपवू नये.

तिरोड्याला औष्णिक वीजकेंद्र आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच. गोंदियाहून पंचवीस-तीस किलोमीटर. वीज आमच्या उशाशी तयार होते आणि लाइन जाते ती आमचीच, असे तेथली मंडळी म्हणतात. दर तरी कमी असावा, असेही म्हणतात. दर महावितरणच्या सबंध क्षेत्राला वीज नियामक आयोग एकच ठरवतो. केंद्र जवळ असल्याचा त्यात लाभ नाही. असो.

वाद विकोपाला गेला की काही मालक किरायेदाराचा फ्यूज काढून नेतात. हे बेकायदा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने वीज, पाणी यांसारख्या आवश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. भाडेकरूला न्यायालयाकडून ती सोय पुन्हा सुरू करून घेता येते. दुसऱ्या बाजूने, किरायेदाराने चार महिने विजेचे पैसे दिले नाहीत तर महावितरण मालकालाच धरणार, कारण मीटर त्यांचे. पंधरा दिवसांची नोटीस आणि मग सगळे घर अंधारात. म्हणून अनामत रक्कम घेताना उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे बिल डोळ्यांसमोर ठेवावे. डिसेंबरात ठरवलेली रक्कम मेमध्ये अपुरी पडते.

खोली सोडण्याच्या दिवशी सामान टेम्पोत चढवण्याआधी दोघांनी मिळून सबमीटरचे वाचन घ्यावे आणि त्याचे छायाचित्र दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावे. ते शेवटचे बिल पुढच्या महिन्यात येते. तोवर अनामतीतले तेवढेच पैसे राखून बाकीचे त्याच दिवशी परत करावेत. गॅसची जोडणी असेल आणि दुसऱ्या गावी जायचे असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यावी व व्हाउचर जपून ठेवावे. नव्या गावी त्याच कागदावर जोडणी मिळते. शेजारच्या वहिनींकडे सिलिंडर ठेवून, “पुढच्या खेपेला नेऊ,” असे म्हणून जाऊ नये.